काच पुसणारा पोरगा चोर नव्हे

आमच्या जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. टोलनाक्यावर गाडी आली की काचेवरची फास्टॅगची पट्टी ओळखली जाते. या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओ लहरींनी ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. पैसे पट्टीत नसतात, खात्यात असतात.

जून २०२२ मध्ये, काच पुसणारा पोरगा हातातल्या घड्याळाने फास्टॅगचे पैसे चोरतो, अशी चित्रफीत देशभर फिरली. ती खोटी होती. टोल व पार्किंगच्या नोंदणीकृत चालकांखेरीज कुणाच्याही खात्यात हे पैसे जात नाहीत, असा खुलासा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने केला.

ड्रायव्हर बांधवांनो, आमचे एवढेच सांगणे : मोबाईलवर आलेले आधी पारखा. अफवेपायी गरिबाच्या लेकरावर हात उगारू नका.