आधी दरजा, मग रंग

देसाईगंजला बहिणीकडे गेलो की ताटाआधी तक्रार वाढली जाते. या वेळची तक्रार भिंतीची होती. भाचा पुण्यात नोकरीला. तिथल्या हॉटेलांतल्या उघड्या विटा पाहून आलेला. नव्या घराला बाहेरून गिलावा करायचाच नाही, असा त्याचा हट्ट. बहिणीचा एकच सवाल, "अन् लोक का म्हणतीन? पैसा सरला म्हणतीन!" मिस्त्रीनं मधला तोडगा काढून ठेवला होता: विटांवरच प्रायमर, वरून वॉटरप्रूफ रंग. "गिलाव्याचा खर्च वाचते, अन् घर बी चमकते."

बहिणीचं काही चुकत नाही. पुण्यात उघडी वीट ही हौस असते, चंद्रपूर-गडचिरोलीत ती हिशेब सांगते. घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. त्यात किमान २५ चौरस मीटरचं घर उभं करायचं. छत पडेस्तोवर पैसा संपतो आणि भिंती कित्येक पावसाळे तशाच भिजत राहतात. गंमत अशी की त्याआधीचं कुडाचं घर कधी उघडं नव्हतं. दिवाळी आली की बायका पांढऱ्या मातीनं भिंती पोतायच्या, पडलेली भोकं बुजवायच्या. वीट आली, घर ‘पक्कं’ झालं आणि भिंतीवरून वर्षाकाठी फिरणारा तो हात थांबला. आता सगळ्यांना एकदाच मारून मोकळं करणारा रंग हवा असतो.

मी भाच्याला मगभर पाणी आणायला लावलं आणि पश्चिमेच्या भिंतीवर फेकलं. बघता बघता भिंतीनं ते पिऊन टाकलं. जोत्यालगतच्या तीन-चार थरांवर मिठासारखी पांढरी पूड होती. बोट फिरवलं तर बोटाला लागली. हा लोणा. खिळ्यानं ओरखडलं तर काही विटांचा भुगा पडला, काही खणखणीत निघाल्या. भट्टीतली प्रत्येक वीट सारखी भाजत नाही. मानकाप्रमाणे साधी वीट २४ तासांत वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्याली तरी पास होते. म्हणजे तीन किलोची वीट सहाशे ग्रॅम पाणी पोटात घेऊन उभी राहू शकते.

अशा भिंतीला वरून प्लास्टिकचा पापुद्रा चढवला म्हणजे पाणी थांबत नाही. ते खालून जमिनीतून चढतं, वरून छताच्या कडेनं उतरतं, आणि बाहेर पडायची वाट मात्र आपण बुजवलेली असते. मग उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की आतली ओल रंगाला ढकलते. लोणा रंगामागे साचतो, फोड येतात, पोपडे सुटतात आणि सोबत विटेची कातडीही घेऊन जातात. हीच भाजलेली कातडी विटेचं खरं कवच. पुढे रंग नको झाला आणि घासून काढायला गेलात, तरी आधी तीच जाते. म्हणून विटेला रंग देणं सोपं, परत घेणं जवळपास अशक्य.

माझा निकाल असा. समोरची, पडवीखालची भिंत खणखणीत विटांची आहे. ती उघडी ठेवावी, सिमेंटच्या दरजा नीट भराव्यात. पश्चिमेची पाणी पिते, तिला गिलावा करावा. ऐपत नसेल तर दरजा भरून चुन्याचे तीन हात द्यावेत. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ऊन परतवतो आणि खिशाला झेपतो. लाल हवा असेल तर त्यातच काव घाला. औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटांना मात्र भाजलेली कातडीच नसते. त्यांना गिलावाच बरा. आणि या सगळ्याआधी छज्जा वाढवा, पन्हळ नीट करा, जोत्यालगतची माती उतरती करा.

रंगाशी माझं वैर नाही. २०१८ साली चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांना सुशोभीकरणाचं देशात पहिलं बक्षीस मिळालं, ते भिंतींवर रंगवलेल्या ताडोब्यामुळेच. तेव्हापासून आपल्याकडे कुंपणाकुंपणावर वाघ बसलेत. बसू द्या. पण आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आहे, दुर्गापूरकडे राखेची. शुभ्र पांढऱ्या भिंतीचं तिथं काय होतं ते रस्त्यावरूनच दिसतं.

बहिणीला शेवटी एवढंच म्हणालो, लोक दोन दिवस बोलतील, ओल वीस वर्षं राहील. तुम्हीही या दिवाळीला रंगाचा डबा उचलण्याआधी भिंतीवर मगभर पाणी फेकून पाहा. भिंत प्याली, तर डबा दुकानातच राहू द्या. आधी दरजा भरायला मिस्त्रीला बोलवा.