गडचिरोलीत मुलींनी चहा कुठं प्यायचा?

गडचिरोलीच्या इंदिरा गांधी चौकातून चार रस्ते फुटतात: आरमोरी, धानोरा, चामोर्शी आणि चंद्रपूर. या चारही रस्त्यांवर सकाळी काय खायला मिळतं ते मला तोंडपाठ आहे. तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईला दोन तासिकांमधला वेळ कुठंतरी काढावाच लागतो, आणि स्टाफरूममधली खुर्ची बहुधा कायम नोकरीवाल्यांची असते. त्यामुळे चनापोह्याच्या बाबतीत माझा शब्द शहरात चालतो. पोहे मऊ पण सुटे हवेत, वर चन्याची लाल तर्री, कच्चा कांदा, मूठभर शेव, लिंबाची फोड. तर्री दुसऱ्यांदा मागितली तर पैसे पडत नाहीत. तिसऱ्यांदा मागितली तर पोहेवाला एकदा तोंडाकडे बघून घेतो. पोहे संपले की आलुबोंडा, नाहीतर समोसा फोडून त्यावर तीच तर्री. धानाच्या मुलखात सकाळची सुरुवात पोह्यानं व्हावी हे रास्तच आहे.

खाण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार बसण्याबद्दल आहे.

2011 साली नागपूर विद्यापीठातून वेगळं निघून गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्याकडे आले आणि हे कचेऱ्यांचं गाव बघता बघता कॉलेजचं गाव झालं. आता तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं आहे. एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंचा अशा लांबच्या तालुक्यांतून पोरी इथं खोल्या करून राहतात. पोलीस भरती, तलाठी, एम.ए., नर्सिंग, काही ना काही चालू असतं. सकाळी अकराच्या सुमारास या पोरी चहा कुठं पितात ते बघा. टपरीपाशी लावलेल्या स्कूटीच्या मागं, उभ्यानं, पाठ रस्त्याकडे करून, चार घोटांत. बाकडं रिकामं असतं, पण त्याला लागूनच खर्ऱ्याचा ठेला असतो. पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटत उभा असलेला पोरगा आणि त्याच्याभोवतीचे चार-पाच जण बाकड्याकडे तोंड करून असतात. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा कायदा 2003 पासून आहे. तो पाळला गेला असता तर निदान अर्धी बाकडी मोकळी झाली असती.

मी स्वतः बसते. माझं वय आता चाळिशीच्या पुढं गेलंय, मला कोणी काही म्हणत नाही. चहावाला उलट म्हणतो, ‘बसा ना जी मॅडम, कोन उठवते तुमाले?’ उठवत कोणीच नाही, हे खरं आहे. पण माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘आमी तिथं बसलो का नाही मॅडम, तर मी गावाले पोचायच्या आधी गोष्ट पोचते.’ याच मुलीला मी एटापल्लीच्या आठवडी बाजारात पाहिलंय. माझं माहेर त्याच तालुक्यात, सूरजागडच्या पहाडाखालच्या पट्ट्यात आहे. बाजारात ती आईसोबत जमिनीवर फतकल मारून गरम भजी खात होती, आजूबाजूला गडीमाणसं होती, आणि कुणाच्या भुवया वर गेल्या नव्हत्या. म्हणजे शिकायला शहरात आल्यावर या मुलीची बसण्याची जागा वाढली नाही, कमी झाली. मागासलेल्या भागातून पुढारलेल्या ठिकाणी आलीस, असं तिला आम्हीच सांगतो.

मुलींनी बाहेर खायचं कशाला, खोलीवर रांधावं, असं म्हणणारे प्राध्यापक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना हिशोब सांगते. 2018 च्या एप्रिलमध्ये सरकारनं आदिवासी वसतिगृहांमधल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचा निर्णय घेतला. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्याला 3,000 रुपये ठरले. त्याविरुद्ध त्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्या 3,000 चे दिवसाला होतात 100. त्यात दोन जेवणं आणि एक नाश्ता बसवा. डबा लावला की महिन्याचे बहुतेक पैसे गेले, उरल्यासुरल्यात पोहे आणि चहा. तेव्हा ज्याला आपण ‘बाहेर खाणं’ म्हणतो ते या मुलांच्या बाबतीत चैन नव्हतं. सरकारनंच त्यांची पंगत वसतिगृहातून उठवून बाजारात आणून बसवली. मग बाजारात ती नीट बसतात का, हे बघणं कुणाचं काम? मुलगे बसले. मुली डबा घेऊन खोलीवर गेल्या.

आता थोडं माहेरच्या रस्त्याबद्दल. एटापल्लीहून आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत गडचिरोली, असा आमचा एसटीचा रस्ता. सूरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा 2007 मध्ये दिला गेला. 2016 च्या डिसेंबरात तिथं वाहनांची जाळपोळ झाली, काम थांबलं, 2021 पासून जोरात सुरू झालं आणि 2023 मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंत काढायची परवानगी मिळाली. एवढं खनिज वाहायचं तर ट्रक लागणार, आणि ट्रक आले की ढाबे येणार. पूर्वी या रस्त्यावर आलापल्लीला इडलीची गाडी, कारण पुढं तेलंगण, आणि चामोर्शीच्या बाजूला बंगाली मिठाई, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेली कुटुंबं तिकडं वसवलेली. ही दोन्ही दुकानं माझ्या लहानपणीचा मोठा आनंद होती. आता त्यांच्या जोडीला तंदुरी रोटी, दाल फ्राय आणि बाजा टाकलेलं अंगण आलं. ड्रायव्हर तिथं जेवतो, बाजेवर तासभर आडवा होतो, तोंड धुतो, निघतो. त्याच्या विश्रांतीची सोय झाली याचा मला हेवा नाही. रात्रभर गाडी हाकणाऱ्याला ती हवीच. पण सोय करायची म्हटलं की दोन-तीन वर्षांत होते, एवढं त्यातून दिसतं. ड्रायव्हरकडे पैसा आहे म्हणून त्याची झाली. पोरींची होत नाही, कारण त्या हाफ चहा घेतात आणि पुस्तक उघडून बसतील अशी भीती वाटते.

आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 ला आली आणि 2021 ला गेली. आमच्याकडे टिकून आहे. चोरून मिळते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी पाटी लावून कोणी बार चालवत नाही. महाराष्ट्रातल्या इतर लहान शहरांत जरा बरं, पंखेबिंखे असलेलं हॉटेल म्हणजे पुष्कळदा परमिट रूम, आणि ‘फॅमिली’ची सोय मागच्या खोलीत. आमच्याकडे अख्खं शहरच फॅमिली सेक्शन असायला पाहिजे होतं. ही बंदी गावागावांतल्या बायांनी मोर्चे काढून मिळवली. ज्यांनी शहरातल्या हॉटेलांतून दारू हटवली त्यांच्या नातींना त्याच हॉटेलात खुर्ची नसावी, याचा मला राग येतो.

कॅफे निघालेत की, असं कोणी म्हणेल. निघालेत. भिंतीवर प्लॅस्टिकची हिरवळ, गुलाबी दिव्यांत लिहिलेलं एखादं इंग्रजी वाक्य, आणि एका कोल्ड कॉफीत चार दिवसांचा नाश्ता जातो. काही ठिकाणी कप्पे आणि त्यांना पडदे. राज्यात ठिकठिकाणी अशा कॅफेंवर पोलिसांच्या धाडी पडल्या, काही शहरांत जमावानं तोडफोडही केली. पडद्याआड अल्पवयीन मुलींचं काय होऊ शकतं हे मी शिक्षिका म्हणून जाणते, त्याला माझा पाठिंबा नाही. पण प्रत्येक धाडीनंतर बातमी येते ती ‘कॅफे संस्कृती’वर. मला विचाराल तर उघड्यावर दोघांना शेजारी बसू दिलं जात नाही म्हणूनच पडद्याचे पैसे मिळतात. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत पिढ्यान्‌पिढ्या मुलंमुली बसली, त्यावर किती आठवणी लिहून आल्या! तिथं काय पडदा होता? कॉफी होती, वेटर होता, आणि शेजारच्या टेबलावर कुणाचे तरी काका बसलेले असायचे.

पाहुणे आले की सुचवतात, तुमच्याकडे मोहाचे लाडू, बांबूचे वास्ते, लाल मुंग्यांची चटणी असं मेन्यूत ठेवा, लोक लांबून येतील. येतील की. पण माझ्या मुली घरी तेच खाऊन मोठ्या झाल्यात, त्यांना इथं मंचुरियन हवं असतं. खाऊ द्या. सात्या, म्हणजे रानातली अळंबी, उगवायचे दिवस आले की त्या आपसूक गावाकडे पळतात.

शहरात एक भोजनालय मला माहीत आहे. नाव सांगत नाही, उगाच गर्दी होईल. एक काकू चालवतात. भात, वरण, लाखोळीची भाजी, लोणचं. दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक नसतं, तेव्हा त्या दोन टेबलं पुसून मुलींना बसू देतात, चहाशिवाय. मी विचारलं, परवडतं का? म्हणाल्या, ‘रिकामं टेबल काय पैसे देते का मले?’ अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे मी दोन प्रकरणांत शिकवते.

नगर परिषदेनं गाळे देताना, विद्यापीठानं आणि कॉलेजांनी कँटीनचं कंत्राट देताना, साध्या अटी घालाव्यात. बचत गटांना आधी विचारावं. दुपारचं टेबल रिकामं असेल तर उठवायचं नाही. शेजारी खर्ऱ्याचा ठेला नाही. कँटीन शेवटची एसटी सुटेपर्यंत उघडं, बाहेर दिवा. आणि बाईचं शौचालय, ज्याची चावी गल्ल्यावरच्या माणसाकडे मागावी लागणार नाही. या शेवटच्या अटीवर मागं एका बैठकीत मला विचारण्यात आलं की याचा खाण्याशी काय संबंध. सकाळी सातला खोलीतून निघून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या मुली दिवसभर पाणी का पीत नाहीत, ते तिथं बसलेल्या एकाही पुरुषाला सांगता आलं नाही. बैठकीला चहा आला होता. तो प्यायला आम्हा सगळ्यांना खुर्च्या होत्या.