अद्दल आणि भाऊबीज

"बरी अद्दल घडली तिला." नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई आमच्या सल्ला केंद्रात आली की तिच्या मागोमाग हे वाक्य येतंच. कधी सासूच्या तोंडून, कधी शेजारणीच्या, आणि पुष्कळदा सख्ख्या आईच्या. उलट बोलली, माहेरी जास्त दिवस राहिली, पगार स्वतःकडे ठेवला, कारण काहीही चालतं. अद्दल घडली, खोड मोडली, जिरली, केल्या कर्माची फळं भोगतेय. बाईला झालेली शिक्षा वाजवीच होती असं सांगणाऱ्या शब्दांना आपल्या मराठीत तोटा नाही. आणि या शब्दांत मारणारा हात कुठे दिसतच नाही. अद्दल आपली 'घडते'. म्हणून अर्ज लिहून घेताना मी आधी विचारते, कोणी घडवली? त्याचं नाव सांगा. निम्म्या वेळा खोलीत शांतता पसरते.

थोडक्यात, मार खाल्ला तो तिने आणि कमावलाही तिनेच. मग तिने खरोखर कमावलेल्या गोष्टींना आपण काय म्हणतो?

अंगणवाडी घ्या. एकात्मिक बालविकास योजना 1975 साली सुरू झाली. सेविका मुलांना शिकवते, वजनं घेते, आहार वाटते, गरोदर बायकांच्या घरी जाते, रजिस्टरं भरते, आता तीच माहिती मोबाइलवरही भरते. पण ती 'सेविका', तिला मिळतं ते 'मानधन', आणि दिवाळीला शासन देतं ती 'भाऊबीज भेट'. कारखान्यातल्या कामगाराला बोनस, हिला भाऊबीज! भाऊबीज भाऊ खुशीने घालतो. कमी घातली म्हणून कोणी बहीण कोर्टात जात नाही, आणि हा शब्द निवडणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असावं. 2024 पासून तर राज्यभरच्या बायका दरमहा 1,500 रुपयांच्या 'लाडक्या बहिणी' झाल्या. पैसे नकोत असं मी म्हणत नाही. जिच्या नावच्या खात्यात पहिल्यांदाच पैसे आले, तिला नाक मुरडणारी मी कोण? पण लाडकीची नावडती व्हायला वेळ लागत नाही. यादीत नावापुढे 'अपात्र' लिहिलं की विषय संपला.

"शब्दांत काय अडलंय, रक्कम वाढवून मागा," असं आपल्यातल्याच काही जणी म्हणतात. मोर्चात 'भाऊबीज वाढवा' अशा घोषणाही मी ऐकल्या आहेत. मैत्रिणींनो, शब्दांतच अडलं होतं. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडीच्या बायका ग्रॅच्युइटीसाठी भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. त्यांना मिळतं ते मानधन, वेतन नव्हे, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद होता. 25 एप्रिल 2022 रोजी न्यायालयाने सांगितलं की नाव मानधन असलं तरी ते केलेल्या कामाचं वेतनच आहे, आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे सेविका व मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. म्हणजे इतकी वर्षं बायकांच्या म्हातारपणाचे पैसे एका गोड शब्दाच्या आड अडून होते. मान दिला, धन राखून ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि साहेबांचं भाषण.

मला हा 'मान' नको आहे. घरात 'अन्नपूर्णा', कामावर 'सेविका', दिवाळीला 'बहीण'. हिशेबाची वेळ आली की बाईला नातं चिकटवायचं, ही युक्ती फार जुनी आहे आणि अजून खपते.

तेव्हा येत्या दिवाळीआधी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना निवेदन द्याल त्यातल्या 'भाऊबीज' शब्दावर काट मारा. बोनस लिहा, वेतन लिहा, ग्रॅच्युइटी लिहा. 2022 च्या निकालाची प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.