जावास्क्रिप्ट पोहोचलीच नाही, तर?

सरकारी अर्ज संगणकावर भरताना ‘पुढे’ या बटणावर क्लिक करूनही काहीच घडत नाही, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी दोष बहुधा नागरिकाला किंवा त्याच्या जुन्या फोनला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा पानाचा मजकूर पोहोचलेला असतो. त्याला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट तेवढी वाटेत अडकलेली असते. मग अर्ज बंद पडावा, की साधेपणाने का होईना चालू राहावा? वरकरणी तांत्रिक वाटणारा हा प्रश्न मुळात सार्वजनिक सेवेचा आहे. ब्रिटिश सरकारची ‘गव्ह डॉट यूके फ्रंटएंड’ ही मुक्तस्रोत लायब्ररी त्यादृष्टीने अभ्यासण्याजोगी ठरते.

या लायब्ररीमागील विचार जुना आहे. स्टीव्हन चॅम्पियन आणि निक फिंक यांनी 2003 मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ ही संकल्पना मांडली. आधी साध्या एचटीएमएलमध्ये पूर्ण काम करणारे पान उभारायचे आणि ज्या ब्राउजरला पेलेल त्यालाच पुढच्या सोयी द्यायच्या, असे तिचे सूत्र. घर आधी राहण्याजोगे करावे, रंगरंगोटी नंतर, असा हा सरळ हिशेब.

‘हल्ली जावास्क्रिप्ट बंद ठेवतो कोण?’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. ब्रिटनच्या ‘गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस’ने 2013 मध्ये आपल्या मुखपृष्ठावरील पाच लाखांहून अधिक भेटींची मोजणी करून त्याचे उत्तर शोधले. 1.1 टक्का भेटींत जावास्क्रिप्ट चालली नव्हती. त्यांपैकी ती बंद असलेले किंवा ब्राउजरला झेपत नसलेले अवघे 0.2 टक्के होते. उरलेल्या 0.9 टक्क्यांच्या बाबतीत ती चालायला हवी होती. पण चालली नाही. कमकुवत जोडणी, कार्यालयीन नेटवर्कचे निर्बंध, ब्राउजरमधील जोड-सॉफ्टवेअर अशी कोणतीही अडचण यामागे असू शकते. जानेवारी 2014 मध्ये तर ‘स्काय’ या ब्रिटिश सेवापुरवठादार कंपनीच्या गाळणीने ‘जेक्वेरी’ या लोकप्रिय लायब्ररीचे वितरण करणारा पत्ताच काही काळ अडविला आणि त्यावर विसंबलेली अनेक संकेतस्थळे लंगडी पडली. यात वापरकर्त्यांची कोणतीही चूक नव्हती.

2018 मध्ये खुल्या झालेल्या सरकारी लायब्ररीची रचना हाच धडा गृहीत धरून झालेली दिसते. जावास्क्रिप्ट असेल तर पानावरील विभाग उघडझाप करतात. नसेल तर सर्व विभाग उघडेच दिसतात. मजकुराच्या चौकटीखाली शिल्लक अक्षरांची मोजणी होते. ती होऊ शकली नाही, तर अक्षरमर्यादा सांगणारी साधी ओळ तेथे राहते. चाचणीची पद्धत अधिक बोलकी आहे. अनेक घटकांच्या स्वयंचलित चाचण्यांत जावास्क्रिप्ट मुद्दाम बंद ठेवून पान उपयोगी राहते की नाही, हे तपासले जाते. दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडर सॉफ्टवेअरवरील तपासणी याखेरीज होते.

यामुळे काम दुप्पट होते, ही तक्रार मात्र अर्धसत्य आहे. डिसेंबर 2023 मधील पाचव्या आवृत्तीत इंटरनेट एक्स्प्लोररसह अनेक जुन्या ब्राउजरमध्ये जावास्क्रिप्ट चालविणेच थांबविण्यात आले. तरीही तेथील वापरकर्त्यांसाठी दार बंद झाले नाही. त्यांना साधे पान मिळते. पाया भक्कम असल्यामुळेच जुन्या ब्राउजरसाठीचा कोड आणि त्याच्या चाचण्या यांचे ओझे उतरविता आले. खर्च सुरुवातीच्या शिस्तीचा आहे. पुढे तीच शिस्त देखभाल हलकी करते.

एखाद्या दुकानाचे संकेतस्थळ बिघडले, तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. पासपोर्ट, करभरणा किंवा वाहन परवाना यांसाठी दुसरे दुकान नसते. त्यामुळे 1.1 टक्का हा आकडा किरकोळ मानण्याची मुभा खासगी कंपनीला असेल; शासनाला नाही. ही लायब्ररी एमआयटी परवान्याखाली कोणालाही वापरता येते. परंतु कोड उचलण्यापेक्षा त्यामागील चाचणीची सवय उचलणे अधिक महत्त्वाचे आहे. सेवा खुली करण्यापूर्वी जावास्क्रिप्ट बंद करून एकदा अर्ज भरून पाहणे, एवढ्यानेही बरेच काही उघड होईल.