माळ्यावरचा तवा

परवा शुक्रवारी रात्री पावणेबाराला फोन. टीममधला नवा मुलगा ड्यूटीवर होता. "सर्व्हरची मेमरी ९४ टक्के झालीये, रीस्टार्ट मारू का?" म्हटलं थांब, आधी 'व्हीएमस्टॅट ५' चालव. पहिली ओळ सोडून दे, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. खालच्या ओळींत एसआय आणि एसओ काय दिसतंय? "दोन्ही शून्य." स्वॅप चालू आहे ना? "हो." मग झोप बाबा, आणि मलाही झोपू दे.

मंडळी, माझं स्पष्ट मत आहे: 'मेमरी इतके टक्के वापरली' यावर लावलेला अलार्म काढून टाका.

दिघ्यातल्या आमच्या वन-आरकेमध्ये ओटा कायम भरलेला असतो. म्हणून कोणी घर रिकामं करत नाही. लिनक्सचंही तसंच. मोकळी रॅम तो फाइलींच्या कॅशला वापरतो आणि गरज पडली की त्यातली बरीचशी परत देतो. म्हणून तर २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून 'मेमअव्हेलेबल' हा वेगळा आकडा मिळतो. बघायचाच तर तो बघा.

आता माळा, म्हणजे स्वॅप. चकलीचा सोऱ्या माळ्यावर असतो, दिवाळीला खाली येतो. काही बिघडत नाही. स्वॅपमध्ये २ जीबी पडून आहेत म्हणून घाबरू नका. पण प्रत्येक पोळीला तवा माळ्यावरून काढायचा आणि परत ठेवायचा म्हटलं तर? माणूस दिवसभर शिडीवर, पोळ्या मात्र चारच! एसआय म्हणजे खाली काढणं, एसओ म्हणजे वर टाकणं. दोन्ही आकडे सतत हलते राहिले की समजा थ्रॅशिंग सुरू झालं. पीटर डेनिंगने १९६८ मध्येच 'वर्किंग सेट' मांडला होता: प्रोसेसला सध्या खरोखर लागणारी पानं किती, ते मोजा.

स्वॅपच नसेल तर हे दोन कॉलम शून्यच राहणार. तेव्हा पिडस्टॅटमध्ये मेजर फॉल्ट बघा. कर्नल ४.२० किंवा पुढचा असेल तर मेमरी प्रेशरचा आकडा थेट मिळतो (काही डिस्ट्रोंत तो चालू करावा लागतो).

आणखी एक गंमत. पोस्टग्रेसच्या ४० प्रोसेसचे आरएसएस बेरजेला धरले तर रॅमपेक्षा जास्त भरू शकतात, कारण शेअर्ड मेमरी प्रत्येकीच्या खात्यात मोजली जाते. तिथे पीएसएस वापरा, तो वाटणी करून मोजतो.

याचा अर्थ आरएसएस बघूच नका असा नाही. एका जुन्या नोकरीत एक प्रोसेस रोज थोडी थोडी फुगायची. उपाय काय, तर पहाटे ३ ला क्रॉनने रीस्टार्ट. दोन वर्षं चाललं. एका महिनाअखेरीला लोड वाढला आणि सकाळी ११ लाच ओओएम किलरने तिला मारलं. बोलणी कोणी खाल्ली? त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या मुलाने. आठवड्याभराचा आलेख कोणी एकदा काढला असता तर गळती डोळ्यांसमोर होती. पण रोजच्या खोट्या अलार्ममुळे सगळ्यांचं 'लांडगा आला रे' झालेलं.

असो. सोमवारी तो ९४ टक्केवाला अलार्म मी काढतोय. त्या जागी पाच मिनिटं सलग पेजिंग झालं तरच फोन. तो मात्र रात्री दोनलाही उचलेन.