इंजिनाची सरासरी काढू नका

गाडी बंद पडली तर निदान काहीतरी बिघडलंय यावर सगळ्यांचं एकमत होतं. माझी गाडी बंद पडत नव्हती. वेम्बलीहून निघून हँगर लेनच्या कोंडीत थांबली की इंजिन थरथरायचं. पुढे ए४० वर ॲक्सिलरेटर दाबला की पिकअप कधी मस्त, कधी मेलेला. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, दहा वर्षांचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात असंच एखादं उभं असेल, म्हणून हे लिहितेय.

दिवा लागला, कोड आला: पी०१७१. मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजने लॅम्डा सेन्सर बदलला, २४० पौंड घेतले, आणि आठवड्यात दिवा परत लागला. आता हा सेन्सर करतो काय? एक्झॉस्टमध्ये बसून उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि ‘पेट्रोल कमी पडतंय’ असं कळवतो. ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर बदलावा, तसाच हा इलाज झाला. असे इलाज सर्रास होतात आणि आपण निमूट पैसे देतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

दुसरी तक्रार माझ्या स्वतःबद्दल आहे. १ किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतो, तेवढं पेट्रोल सोडतो आणि लॅम्डा सेन्सरचं ऐकून दुरुस्ती करत राहतो. या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. ट्रिम +१० असेल तर हिशोबापेक्षा १० टक्के पेट्रोल जास्त जातंय. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये स्वस्तातला अडॅप्टर लावला की हे आकडे फोनवर दिसतात. मी आठवडाभर नोंदी ठेवल्या आणि सरासरी काढली. आली +१. म्हणजे इंजिन ठणठणीत! रोज सिग्नलमधला गोंधळ वेगळा काढण्याचाच पगार घेणारी मी, त्या सरासरीवर चार दिवस निर्धास्त होते.

मग त्याच नोंदी मॅनिफोल्डमधल्या दाबाप्रमाणे वेगळ्या केल्या. आयडलिंगला ट्रिम +१२. टर्बोने दाब वाढवला की −७. मधल्या भागात जवळजवळ शून्य. दोन उलट्या चुका एकमेकींना झाकत होत्या.

एकच चीर या दोन्ही चुका करू शकते. माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी आहे, आणि चीर होती थ्रॉटलच्या पुढच्या एका रबरी पाईपला. इंजिन नुसतं घुरघुरत असतं तेव्हा थ्रॉटल जवळपास बंद आणि मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी. चिरीतून न मोजलेली हवा आत येते, मिश्रण लीन होतं. टर्बो फिरू लागला की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होतो. मोजलेली हवा त्याच चिरीतून बाहेर पळते, पेट्रोल मात्र तिच्याही हिशोबाने सोडलं जातं, आणि मिश्रण रिच होतं. त्यात रबर दाबाखाली तोंड उघडतं आणि गरम झालं की मऊ पडतं. सकाळ-संध्याकाळच्या फरकाचं गूढ बहुधा तिथेच. (काही गाड्या हवेऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजतात. त्यांचं गणित वेगळं.)

म्हणून आकडा किती, यापेक्षा तो कुठे कसा बदलतो ते पाहा. फक्त आयडलिंगला मोठा प्लस आणि रेस केल्यावर कमी होत जाणारा, तर बाहेरची हवा आत येतेय. लोड वाढेल तसा वाढणारा प्लस असेल तर पेट्रोल पुरत नाहीये: पंप, फिल्टर, इंजेक्टर. हा प्रकार टर्बोला घातक, कारण दाबाखाली लीन मिश्रणाने नॉकिंग होऊन पिस्टन जाऊ शकतो. तिथे प्रयोग करत बसू नका, गाडी हळू चालवत गॅरेजला न्या.

आणि सगळीकडे जवळजवळ सारखा सरकलेला आकडा? तो पेट्रोलचा असू शकतो. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, भारतात आता ई२०. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, किलोमागे सुमारे ९ किलो, त्यामुळे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ई१० वरून ई२० वर गेलं तर साधारण ४ टक्के. नाशिकहून सासरे प्रत्येक फोनमध्ये गाडीच्या सगळ्या दुखण्यांचं खापर ई२० वर फोडतात. मायलेज घटल्याबद्दल आणि जुन्या रबरी भागांबद्दल त्यांची काळजी रास्त आहे. पण थरथर फक्त सिग्नलला होत असेल तर ते दुखणं पेट्रोलचं असण्याची शक्यता कमी, एवढं मी त्यांना सांगितलं. पटलं नाही.

‘एमओटी पास झालीय ना?’ असंही कोणी म्हणेल. माझीही झाली होती. त्यात लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत हवा, पण गाडी उभी असताना, लोड नसताना. तिथे कॉम्प्युटर सगळं सावरून घेतो. २९ ऑगस्ट २०२३ पासून वेम्बलीही युलेझमध्ये आली. तिथला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, धूर हुंगत नाही. माझी गाडी बूस्टवर रिच मिश्रण जाळत सगळीकडून सहीसलामत सुटत होती.

एका मित्राने रीमॅप सुचवलं. मला ते अजिबात मान्य नाही. चीर तशीच ठेवून पेट्रोलचे तक्ते बदलायचे म्हणजे चीर सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवायची. उद्या कोणी पाईप बदलला की तक्ते चुकणार. आधी गळती, मग ट्यूनिंग.

तर गॅरेजला जाल तेव्हा आयडलिंग आणि बूस्ट यांचे ट्रिम वेगवेगळे लिहून न्या आणि पार्ट बदलण्याआधी स्मोक टेस्ट मागा. आपल्याकडे पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तसं इथे पाईपमध्ये धूर सोडून तो कुठून येतो ते पाहतात. फक्त एक सांभाळा. स्मोक मशीनचा दाब फार कमी असतो, बूस्टच्या जवळपासही नाही. माझी चीर पहिल्या खेपेला त्यात दिसलीच नाही. दाबाखाली हवा भरून चाचणी करायला लावली तेव्हा फुसफुस ऐकू आली. पाईप १८ पौंडांचा होता.