मागे बसलेल्याचे डोके

आमच्या अपघात विभागात रोज दिसणारे दृश्य. चालवणाऱ्याने, दंडाच्या भीतीने का होईना, हेल्मेट घातलेले असते. मागे बसलेली पत्नी किंवा आई उघड्या डोक्याने, एका बाजूला पाय सोडून बसलेली. तिचा तोल आधी जातो. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ दोघांनाही हेल्मेट बंधनकारक करते. पण पुण्यात विरोध झाला की सरकारचा हात आखडतो.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

डोक्याच्या माराचे फसवे रूप नातेवाइकांना माहीत नसते. वरून जखम किरकोळ, माणूस बोलतोय. आत मात्र रक्त साचत असते आणि काही तासांत तो बेशुद्ध होतो. मग ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून आमच्याकडे. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर! रुग्णालये राज्याची, १०८ची सेवाही राज्याचीच. आज रात्री सीटी स्कॅन कुठे चालू आहे, न्यूरोसर्जन कुठे आहे, हे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला निघतानाच कळायला हवे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.